आकाशकंदील व भेटीचे वेष्टन : सणाच्या कागदकामातील विज्ञान

दिवाळी जवळ आली की घरोघर बांबूच्या कामट्या तासल्या जातात, चुलीवर खळ शिजू लागते आणि रंगीत कागदांच्या घड्या उलगडल्या जातात. आकाशकंदील घरी करण्याची ही रीत महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी कुटुंबे वसली आहेत तेथेही आढळते. ज्यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले आहे, त्यांना एक अनुभव खात्रीने आलेला असतो. कामट्या सारख्या लांबीच्या कापलेल्या असतात, गाठी घट्ट बसलेल्या असतात, आणि तरीही सांगाडा उचलताच तो एका अंगास कलतो, दाबला असता चेपतो व सोडला असता भलताच आकार धारण करतो. करणारा मुलगा समजतो की, आपल्या गाठी चुकल्या. तो त्या पुनःपुन्हा आवळतो, पण सांगाडा काही ताठ राहत नाही.

वस्तुतः चूक गाठींची नसते. तो दोष आकृतीचा आहे, आणि तो किती आहे व कशाने भरून निघेल हे मोजून सांगता येते. ह्या पुस्तिकेत आपण तेच पाहणार आहोत. त्याबरोबरच खळ का चिकटते, कागद का ताणला जातो, प्रकाश कोठे अधिक पडतो आणि भेटीची पेटी गुंडाळण्यास नेमका किती कागद लागतो, ह्या प्रश्नांचाही विचार करू.

१. कंदिलाची आकृती

आकाशकंदिलाचे आकार पुष्कळ आहेत. त्यांपैकी चौकोन व त्रिकोण मिळून होणारा एक जुना व परिचित आकार आपण घेऊ. तो असा बांधतात : सारख्या लांबीच्या सोळा कामट्यांपासून प्रथम चार चौरस तयार करावेत. हे चौरस बाजूवर न ठेवता कोपऱ्यावर उभे करावेत आणि प्रत्येकाचा आडवा कोपरा शेजारच्या चौरसाच्या आडव्या कोपऱ्यास बांधून चौघांचे एक कडे करावे. आता चार कोपरे वर व चार कोपरे खाली मोकळे राहतील. वरचे चार कोपरे चार कामट्यांनी एकमेकांस जोडले म्हणजे वर एक चौरस होतो. खालीही तसेच करावे. एकूण चोवीस कामट्या लागतात. दोन उभ्या चौरसांच्या मधल्या जागेत वर चार व खाली चार असे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात.

ह्या आकृतीस सहा चौरस व आठ त्रिकोण अशी चौदा पृष्ठे, बारा शिरोबिंदू आणि चोवीस कडा आहेत. शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून तीत पृष्ठांची संख्या मिळविली तर १२ – २४ + १४ = २ हे उत्तर येते. कोणत्याही बहिर्वक्र बहुफलकाच्या बाबतीत हे उत्तर दोनच येते. हा नियम अठराव्या शतकातील गणिती ऑयलर याच्या नावाने ओळखला जातो. आपली मोजणी बरोबर आहे की नाही, हे त्यावरून ताबडतोब पडताळता येते.

भूमितीच्या ग्रंथांत ह्या आकृतीस क्यूबोक्टाहेड्रॉन म्हणतात. घन व अष्टफलक ह्या दोहोंचे गुण तीत एकवटले असल्यामुळे आपण तिला ‘घनाष्टफलक’ म्हणू. बटाट्याचा एक चौकोनी घन कापावा, त्याच्या प्रत्येक कडेच्या मध्यावर खूण करावी आणि आठही कोपरे त्या खुणांपर्यंत तिरके छाटून टाकावेत. हाती उरेल तो आपला आकाशकंदील! घनाच्या सहा बाजूंचे सहा चौरस आणि छाटलेल्या आठ कोपऱ्यांचे आठ त्रिकोण त्यात स्पष्ट दिसतील. आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तेरा बहुफलकांमध्ये ह्या आकृतीचा समावेश होतो.

तिचा आणखी एक गुण कारागिराच्या उपयोगाचा आहे. तिच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक शिरोबिंदूचे अंतर कडेच्या लांबीइतकेच असते. कामटी २० सेंटिमीटर असेल तर मध्यापासून बाराही गाठी २० सेंटिमीटरांवर असल्या पाहिजेत, आणि समोरासमोरच्या दोन गाठींमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असले पाहिजे. ४० सेंटिमीटरांचा एक दोरा घेऊन सांगाडा तपासावा. जेथे दोरा कमी वा अधिक पडेल तेथे सांगाडा वाकडा आहे असे समजावे.

२. सांगाडा का लचकतो?

प्रयोग पहिला : झाडूच्या सारख्या लांबीच्या तीन काड्या दोऱ्याने बांधून त्रिकोण करा व चार काड्यांचा चौकोन करा. त्रिकोणाचा कोपरा दाबला तरी तो आकार सोडत नाही. चौकोन मात्र दाबताच शंकरपाळ्यासारखा तिरपा होतो. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरतात. चार बाजूंच्या लांब्या ठरल्या तरी चौकोनाचे कोन मोकळेच राहतात. आता चौकोनास एक कर्ण बांधा. त्याचे दोन त्रिकोण होतील आणि तो ताठ उभा राहील.

हाच विचार तीन मितींत करता येतो. अवकाशातील एका बिंदूचे स्थान सांगण्यास तीन संख्या लागतात. आपल्या सांगाड्यात बारा गाठी आहेत; म्हणून ३ × १२ = ३६ संख्या झाल्या. परंतु संपूर्ण सांगाडा उचलून दुसरीकडे नेला किंवा फिरविला तर त्याचा आकार बदलत नाही. तीन दिशांनी सरकणे व तीन अक्षांभोवती फिरणे अशा ह्या सहा हालचाली वगळल्या पाहिजेत. राहिल्या ३० संख्या. एक कामटी दोन गाठींमधील एक अंतर कायम करते, म्हणजे ती एक संख्या बांधून टाकते. तेव्हा आकार पक्का होण्यास निदान ३० कामट्या हव्यात. आपल्याजवळ आहेत चोवीस. सहा बंधने कमी पडतात; म्हणून सांगाडा लचकतो. गाठी कितीही आवळल्या तरी ही उणीव भरून येणार नाही. मोजणीचा हा नियम स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६४ मध्ये मांडला. कामट्या पुरेशा असूनही त्या चुकीच्या जागी बांधल्या तर सांगाडा डळमळेल, हेही येथे लक्षात ठेवावे.

उणीव सहाची आहे आणि चौरसही सहाच आहेत, हा काही योगायोग नव्हे. प्रत्येक चौरसास एक कर्ण दिला की सहा बंधने मिळतात आणि आकृती पक्की होते.

पण जुने कारागीर प्रत्येक चौरसास कर्ण लावीत नाहीत, आणि तरीही त्यांचा कंदील वाऱ्यात डोलतो, मोडत नाही. हे कसे? त्याचे उत्तर कागदात आहे. चौरस तिरपा होऊ लागला म्हणजे त्याचा एक कर्ण लांबतो व दुसरा आखूड होतो. चौरसावर कागद ताणून चिकटविलेला असेल तर लांबणाऱ्या कर्णाच्या दिशेने तो ओढला जातो. कागद दाबास टिकत नाही, पण ताणास चांगलाच टिकतो. त्यामुळे चौरस ज्या अंगास कलू पाहील, त्या अंगाचा कर्ण कागदच बनतो. शोभेसाठी लावलेला कागद अशा रीतीने सांगाड्याचा आधार होतो. कठीण फळ्यांनी सर्व बाजूंनी बंद केलेले बहिर्वक्र बहुफलक लचकू शकत नाही, असे फ्रेंच गणिती कोशी याने १८१३ मध्ये सिद्ध केले होते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. वरचा व खालचा चौरस हवेसाठी आणि दिव्यासाठी उघडे ठेवावे लागतात. तेथे कागद नाही, म्हणून दोन बंधने कमी पडतात. तेव्हा वरच्या चौरसास एक व खालच्या चौरसास एक अशी कर्णाची कामटी अवश्य बांधावी. २० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारे २८.३ सेंटिमीटर असतो. गाठीसाठी थोडी अधिक लांबी ठेवून ३० सेंटिमीटरांची कामटी कापावी. वरच्या कर्णास दिव्याची तारही बांधता येते.

३. खळ आणि कागद

कागद वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू मुख्यतः सेल्युलोज ह्या पदार्थाचे असतात. यंत्रावर कागद तयार होताना ओला लगदा एका दिशेने वाहत असतो, त्यामुळे बहुतेक तंतू त्या दिशेस समांतर होतात. ही कागदाची ‘धार’ समजावी. धारेच्या दिशेने कागद सरळ फाटतो व त्याची घडी स्वच्छ पडते. आडव्या दिशेने तो वेडावाकडा फाटतो.

प्रयोग दुसरा : कागदाचा एक लहान चौरस तुकडा घेऊन त्याची एकच बाजू पाण्याने किंचित ओली करा. तुकडा नळीसारखा वळू लागेल. त्या नळीचा अक्ष धारेच्या दिशेस असतो. ह्याचे कारण असे की, पाणी प्यालेला तंतू लांबीने फारसा वाढत नाही, जाडीने मात्र बराच फुगतो. म्हणून कागद धारेच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो.

हाच गुण आपल्या उपयोगी पडतो. खळीच्या ओलाव्याने कागद किंचित पसरतो. त्या स्थितीत त्याच्या कडा कामट्यांवर चिकटल्या की, वाळताना तो आक्रसतो, परंतु कडा अडकलेल्या असल्यामुळे त्यास लहान होता येत नाही. परिणामी तो डफावरील चामड्याप्रमाणे ताणला जातो. मागील भागात सांगितलेले कर्णाचे काम करण्यास असाच ताणलेला कागद हवा. मात्र कागद फार भिजवू नये. भिजलेला पतंगी कागद स्वतःच्या भारानेही फाटतो.

खळ करण्यासाठी दोन चमचे मैदा प्रथम थोड्या थंड पाण्यात कालवावा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानास गव्हाच्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात, फुटतात व मिश्रण दाट होते. मैदा एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. कारण गुठळीचा बाहेरचा थर तत्काळ फुगून चिकट बनतो व आतल्या पिठापर्यंत पाणी पोहोचू देत नाही. शिजलेल्या स्टार्चचे लांब रेणू आणि कागदातील सेल्युलोज एकमेकांस चांगले धरून ठेवतात, म्हणूनच खळ कागदकामास योग्य ठरते. खळीस कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तीत मोरचूद घालीत असत. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या कामात तो मुळीच वापरू नये; त्याऐवजी खळ रोज ताजी करावी.

२० सेंटिमीटर बाजूच्या कंदिलास २२ सेंटिमीटर बाजूचे चार चौरस कागद पुरतात. दुमडण्यासाठी चोहोकडे एक सेंटिमीटर धरलेला आहे. आठ त्रिकोणांनाही तेवढीच कड सोडावी. त्रिकोणी व चौकोनी पृष्ठांवर लागणारा कागद, कडा सोडून, सुमारे २,९९० चौरस सेंटिमीटर होतो.

४. प्रकाश व रंग

दिवा बरोबर मध्यावर टांगला आहे आणि तो सर्व दिशांना सारखा प्रकाश देतो असे समजू. मध्यापासून चौरसाचा मध्य सुमारे १४.१ सेंटिमीटरांवर, तर त्रिकोणाचा मध्य सुमारे १६.३ सेंटिमीटरांवर असतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा हिशेब केला असता असे दिसते की, त्रिकोणाच्या मध्यावर पडणारा प्रकाश चौरसाच्या मध्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीनचतुर्थांश असतो. म्हणून त्रिकोणांस पिवळा किंवा पांढरा असा फिकट कागद आणि चौरसांस लाल किंवा हिरवा असा गडद कागद लावला तर कंदील सर्व अंगांनी सारखा उजळलेला दिसतो.

रंगीत कागद प्रकाशास रंग ‘देत’ नाही. तो काही रंग शोषून घेतो व उरलेले पुढे जाऊ देतो. लाल कागदातून लाल प्रकाश तेवढा बाहेर पडतो. पिवळसर दिव्याच्या प्रकाशात निळा भाग थोडा असतो, म्हणून अशा दिव्यापुढे निळा कागद मलूल दिसतो. पिवळ्या कागदावर निळा कागद ठेवला असता बहुधा हिरवी छटा मिळते, कारण दोन्ही कागदांतून जाऊ शकणारा तेवढाच रंग शिल्लक राहतो.

पतंगी कागदातून दिवा दिसत नाही, केवळ उजेड दिसतो. कागदातील तंतू आणि त्यांमधील हवा ह्यांच्या प्रत्येक सीमेवर किरण वळतो व विखुरतो. चकचकीत पारदर्शक कागदात अशा हवेच्या पोकळ्या नसतात, म्हणून त्यातून दिवा स्पष्ट दिसतो. सेलोफेन नावाचा असा कागद ब्रँडेनबर्गर ह्या स्विस रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी शोधून काढला. तोही सेल्युलोजपासूनच बनतो. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे पारदर्शक कागद मात्र प्लॅस्टिकचे असतात.

५. उष्णता व सावधगिरी

आपल्या कंदिलात सुमारे १९ लिटर हवा मावते. तिचे वजन अदमासे २२ ग्रॅम भरते. दिव्याने ती बाहेरच्या हवेपेक्षा ५ अंशांनी तापली तर प्रसरण पावून तिचा सुमारे साठावा भाग बाहेर पडतो, म्हणजे आतील हवा एकतृतीयांश ग्रॅमाहून किंचित अधिक हलकी होते. एवढ्याने कंदील उडत नाही. परंतु हवा वर सरकते व खालून थंड हवा आत येते. कागदाची नागमोडी वेटोळी कापून दोऱ्याने वरच्या तोंडाशी टांगली तर ती संथपणे फिरू लागते. फिरत्या चित्रांच्या कंदिलाचे तत्त्व हेच होय.

वरचे तोंड झाकले तर ही वाहणारी हवा अडते व उष्णता साचते. कागद त्याच्या प्रकारानुसार सुमारे २३० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतो. पणतीच्या ज्योतीचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते, आणि कंदील वाऱ्याने कलल्यास ज्योत व कागद ह्यांमध्ये चार बोटांचेही अंतर उरत नाही. ह्यास्तव कागदी कंदिलात उघडी ज्योत कधीही ठेवू नये. जुन्या तारेच्या दिव्याने खर्च केलेल्या विजेपैकी बहुतेक सर्व भागाची उष्णताच होते. त्याची काच कागदास टेकली तर कागद करपतो. कमी वॅटचा एलईडी दिवा येथे सर्वांत योग्य होय. तोही मध्यावरच राहील अशी तार बांधावी, वरचे व खालचे तोंड मोकळे ठेवावे आणि विजेची जोडणी जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. दिवाळीत अवकाळी पाऊस येतो, हे ध्यानात घेऊन तारेचा सांधा उघड्यावर ठेवू नये.

६. भेटीचे वेष्टन : किती कागद पुरे?

सणास भेट द्यावयाची पेटी गुंडाळताना कागद एक तर पुरत नाही, नाही तर पुष्कळ वाया जातो. हाही भूमितीचाच प्रश्न आहे.

पेटीची लांबी, रुंदी व उंची अनुक्रमे २०, १४ व ४ सेंटिमीटर आहे असे समजा. कागद पेटीभोवती फिरला पाहिजे; त्यासाठी रुंदी व उंची ह्यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे २ × (१४ + ४) = ३६ सेंटिमीटर हवेत. दुसऱ्या दिशेने लांबी, आणि दोन्ही टोकांस अर्धी अर्धी उंची, म्हणजे २० + ४ = २४ सेंटिमीटर हवेत. क्षेत्रफळ ३६ × २४ = ८६४ चौरस सेंटिमीटर झाले. पेटीचे पृष्ठफळ आहे ८३२. अधिक लागलेला कागद ३२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट.

कंसांचा गुणाकार करून पाहिल्यास हा नियम सर्व पेट्यांना लागू आहे असे दिसेल. ह्यावरून एक सोपी युक्ती मिळते : पेटीची सर्वांत लहान बाजू ही ‘उंची’ धरावी. हीच पेटी २० सेंटिमीटरांच्या बाजूवर उभी धरून गुंडाळली तर २ × (१४ + २०) × (४ + २०) = १,६३२ चौरस सेंटिमीटर कागद लागेल, म्हणजे जवळजवळ दुप्पट! पेटी तीच, भेट तीच. केवळ धरण्याच्या रीतीने एवढा फरक पडतो. प्रत्यक्ष कापताना चिकटविण्यासाठी दोन्ही दिशांनी एकदोन सेंटिमीटर अधिक ठेवावेत.

पेटी कागदावर तिरपी ठेवून चारही कोपरे मध्यावर आणण्याची दुसरी एक पद्धत आहे. तिने कागद वाचतो असा समज आहे. १२ सेंटिमीटर बाजूचा चौरस तळ व ३ सेंटिमीटर उंची असलेली मिठाईची पेटी घेऊन हे तपासू. कागदाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ६ + ३ + ६ = १५ सेंटिमीटर हवेत; म्हणजे कर्ण ३० सेंटिमीटर, व पायथागोरसच्या सिद्धांताने बाजू सुमारे २१.२ सेंटिमीटर. क्षेत्रफळ ४५० चौरस सेंटिमीटर. आता सरळ पद्धतीने ३० × १५, म्हणजे तेही ४५०! कागद वाचला नाही. परंतु २१.२ सेंटिमीटर बाजूचा चौरस तुकडा सरळ पद्धतीस पुरला नसता. तिरप्या पद्धतीने तोच पुरतो. तेव्हा तिरप्या पद्धतीचे खरे महत्त्व हे की, हाती असलेला चौरस तुकडा तिने उपयोगी पडतो. लोकसमज मोजून पाहिल्यावर असा थोडासा बदलतो, पण निरुपयोगी ठरत नाही.

वेष्टनासाठी साधा कागद निवडावा. कागद कोणता व प्लॅस्टिक कोणते हे ओळखण्यासाठी तो मुठीत चुरगळून सोडावा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद; पुन्हा उलगडला तर बहुधा प्लॅस्टिक किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेला कागद, जो लगद्यात परत मिसळता येत नाही.

७. उपसंहार

जर्मनीतील निस्की गावच्या मोरेव्हियन पंथीयांच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या पाठासाठी कागदाचा एक बहुकोनी तारा तयार करण्यात आला. पुढे तोच तारा नाताळची सजावट म्हणून दूरवर पसरला. त्याचा गाभा अठरा चौरस व आठ त्रिकोण असलेला एक बहुफलक आहे, आणि तोही आपल्या कंदिलाप्रमाणेच आर्किमिडीजच्या तेरांपैकी एक आहे. तेथे पाठातून सण सजला. आपल्याकडे सणाची वस्तू आधीपासून हातात आहे. तिच्यातून पाठ घ्यावयाचा तेवढा राहिला आहे. यंदा सांगाडा एका अंगास कलला तर गाठींना दोष न देता कामट्या मोजाव्यात.

स्वाध्याय

१. निस्कीच्या ताऱ्याच्या गाभ्यास २६ पृष्ठे व ४८ कडा आहेत. ऑयलरच्या नियमाने शिरोबिंदूंची संख्या काढा.

२. केवळ त्रिकोणांच्या बनलेल्या अष्टफलकास ६ शिरोबिंदू व १२ कडा असतात. मॅक्सवेलच्या नियमाने त्याचा सांगाडा पक्का राहील का, ते मोजा आणि काड्यांनी बांधून पडताळा.

३. कामटी ३० सेंटिमीटर घेतल्यास समोरासमोरच्या गाठींतील अंतर किती होईल? वरच्या तोंडास लागणारा कर्ण किती लांब हवा?

४. घरातील एखाद्या पुस्तकाची लांबी, रुंदी व जाडी मोजून त्याच्या वेष्टनास लागणारा कागद आधी गणिताने काढा, मग जुन्या वर्तमानपत्रावर कापून पाहा. फरक पडल्यास तो कशामुळे, ते लिहा.